मायेला हाकलणारी मुद्रा

बाई कार्यक्रमाच्या आधी नेहमी भाषण करत, आणि त्या भाषणात नाच दरवेळी थोडा म्हातारा होई. बाईंची नाचाची शाळा नवी होती तेव्हा तो हजार वर्षांचा होता. पुढे प्रेक्षक जरा शिकलेले येऊ लागले तसा तो दीड हजारांवर गेला, आणि आता बरीच वर्षं दोन हजारांवर टिकून होता. त्याला आणखी मागे न्यायला बाईंची हरकत नव्हती, पण मृदंगवाले काका म्हणाले होते, "बाई, आता पुरे. अजून मागे गेलात तर माणसाला शेपूट होतं तो काळ लागेल."

भाषण ठरलेलं होतं. हा नाच देवळात जन्मला, देवापुढे वाढला, मधल्या काळात त्याची थोडी अवनती झाली आणि मग जाणत्या लोकांनी त्याला पुन्हा शुद्ध केलं. ऐकणारे माना डोलवत. 'थोडी अवनती' या दोन शब्दांत ज्या बायकांना गुंडाळून ठेवलं होतं त्यांच्याबद्दल कोणी विचारत नसे. देवाशी लग्न लावलेल्या, आत्याकडून, आजीकडून पाऊल शिकलेल्या, सकाळ-संध्याकाळ गाभाऱ्यासमोर नाचणाऱ्या बायका. एके दिवशी सभ्य लोकांना त्यांची लाज वाटू लागली, कायदा आला, त्यांना देवळाबाहेर काढलं. आणि त्यांच्या मागे लावलेल्या दाराची कडी हलायची थांबते न थांबते तोच त्याच सभ्य लोकांच्या मुली तोच नाच घेऊन रंगमंचावर उभ्या राहिल्या. याला जाणते लोक शुद्धीकरण म्हणतात. आपण साध्या भाषेत याला काय म्हणतो ते सोडा.

बाई त्या मुलींपैकीच एक. आता बासष्टीच्या. गुडघे दोन्ही कामातून गेलेले, आणि या नाचात तर सगळा भार गुडघ्यांवर. पाठ ताठ ठेवायची, गुडघे बाहेर काढून अर्धवट बसायचं आणि तसंच बसल्या बसल्या जमीन दणाणून सोडायची. त्यामुळे बाईंनी ठरवलं होतं की भाचीचा पहिला एकटीचा कार्यक्रम झाला की वर्ग तिच्या हवाली करायचा. भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. दिवसभर ऑफिसात हिशेब तपासायची आणि संध्याकाळी टायरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये पाय आपटायची. पाय तिचे अव्वल होते. चेहरा मात्र बंद दुकान. प्रेम, राग, विरह, सगळ्याला तिच्याकडे एकच चेहरा होता.

वर्गाची शान होती ती एका पदाची रचना. नायिका रात्रभर वाट पाहते, आणि तो पहाटे येतो, तोही दुसरीच्या घरून. ती म्हणते, आलास तसा जा, जिथे होतास तिथेच राहा. बाई शिकवताना सांगत, की हा तो म्हणजे परमात्मा आणि ही ती म्हणजे जीवात्मा. परमात्म्याचं दुसरीच्या घरी काय काम, असं दरवर्षी एखादी मुलगी विचारी, आणि त्या दिवशी तिला पायांचा रियाज दुप्पट करावा लागे.

या पदाच्या मधोमध ती प्रसिद्ध जागा होती. नाचता नाचता एकाएकी डाव्या खांद्यावरून मागे बघायचं, उजवा पाय एकदा आपटायचा, डोळे वटारायचे आणि डावा हात कमरेजवळून सपकन बाहेर झटकायचा. हिला म्हणत 'मायानिवारण'. जीवात्मा मायेला हाकलतो, असा अर्थ. नाव बाईंनीच दिलं होतं. या मुद्रेवर परीक्षेत हमखास प्रश्न येई. एका थोर विद्वानांनी तिच्यावर मोठा निबंध लिहिला होता आणि एका जुन्या देवळाच्या खांबावर तीच मुद्रा शोधून काढली होती. खांबावरच्या त्या मूर्तीचा डावा हात तुटलेला होता, पण तो कसा असणार हे विद्वानांनी तर्काने सिद्ध केलं होतं.

तर शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात भाची हे पद करत होती. बाई कडेला बसून झांजा वाजवत होत्या. मायानिवारण आलं, भाचीने हात झटकला, आणि तिसऱ्या रांगेतली आखूड केसांची एक बाई फस्सकन हसली. बरं, हसून गप्प बसावं! रुमाल तोंडात कोंबून ती पद संपेपर्यंत गदगदत होती. आजूबाजूच्यांनी माना वळवून बघितलं. बाईंनी झांजा वाजवता वाजवता दात असे करकचून आवळले की मागच्या दाढेत भरलेली जुनी चांदी निखळून जिभेवर आली.

दाढ ठणकायला लागली. नेहमीचे दातांचे डॉक्टर परगावी गेलेले. काका म्हणाले, "माझ्या घराजवळ एक डॉक्टरीण आहे, हात हलका आहे, बोलते मात्र फार." दाढ ठणकत असताना माणूस बोलण्याचं काय घेऊन बसतो? बाई गेल्या.

दवाखाना छोटा, पांढराशुभ्र. खुर्ची मागे कलली, वरचा दिवा डोळ्यांवर आला, सुई टोचली, तोंडात कापसाचे बोळे गेले, थुंकी ओढणारी नळी गालात लटकली. मग डॉक्टरने तोंडावरची पट्टी खाली ओढली. आखूड केस. तिसरी रांग.

"बाई, ओळखलंत का मला?" डॉक्टर म्हणाली. "त्या दिवशी हसले त्याबद्दल खरंच माफ करा हं. पण मला आवरेचना. आमच्या खिडकीतल्या बोक्याला स्टेजवर बघितलं ना मी!"

"आँ?" बाई म्हणाल्या.

"अजून मोठा आ करा. हां. तुम्ही आमच्या आजीकडे शिकायला यायचात. मी एवढीशी होते, पलंगाखाली बसून तुम्हाला बघायची. तुम्ही फार गंभीर होतात. आजी स्टुलावर बसून शिकवायची, आठवतंय? तिच्या मागे डाव्या बाजूला खिडकी, आणि खिडकीत दुधाचं पातेलं. शेजारचा बोका रोज तिथून तोंड घालायचा. मेला भारी लबाड होता! आजी शिकवता शिकवता मागे बघून पाय आपटायची आणि हात झटकायची. आणि परवा ती मुलगी अगदी तसंच, डोळे वटारून..." डॉक्टरला पुन्हा हसू फुटलं. तिने ड्रिल बाजूला धरून हसून घेतलं. "दोन हजार वर्षांची परंपरा म्हणालात ना भाषणात? तो बोका फार तर सात-आठ वर्षं जगला असेल."

बाईंना बरंच काही बोलायचं होतं. त्या "आ आँ आ" एवढंच बोलू शकल्या, आणि डॉक्टरने ड्रिल सुरू केलं.

"मुळापर्यंत किडलीये," ती म्हणाली. "एका खेपेत नाही व्हायचं. पुढच्या आठवड्यात परत या."

घरी येऊन बाई अंधाऱ्या खोलीत दिवा न लावता बसल्या. गाल सुजलेला होता, पण दुखत होतं ते वेगळंच. डॉक्टरच्या आजीच्या त्या दोन खोल्या त्यांना लख्ख आठवल्या. त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. शहरातल्या वकील, न्यायाधीश आणि त्यांच्या बायकांचं एक मंडळ होतं, नाचाचा उद्धार करणारं. मंडळाने त्यांना त्या म्हातारीकडे पाठवलं. देवळात नाचलेली शेवटची बाई ती. निघताना वकीलसाहेबांनी बजावलं होतं, "तंत्र तेवढं घेऊन ये, बाकीचं तिथेच ठेव."

बाकीचं म्हणजे काय, ते दर महिन्याला मंडळासमोर नाचून दाखवलं की कळायचं. म्हातारी त्या पदात खालचा ओठ दातांत धरायची. न्यायाधीशांच्या पत्नीने खाकरून सांगितलं, ओठ नको. म्हातारी पदातल्या नायकाच्या अंगावरचं उपरणं बाजूला करून नखांचे ओरखडे बघायची आणि खुदकन हसायची. उपरणं नको, हसू तर मुळीच नको. कंबर पहिल्याच दिवशी गेली. उरलेल्याला मंडळाने जीवात्मा असं नाव दिलं. बाईंनी निमूटपणे सगळं काढलं. म्हातारीसमोर मान खाली घालून त्या म्हणायच्या, "हे नको म्हणतात." म्हातारी म्हणायची, "बरं, राहिलं."

आणि त्या हाताबद्दल बाईंनी एकदा विचारलंही होतं, "आजी, याचा अर्थ काय?"  म्हातारी म्हणाली होती, "अर्थाचं राहू दे. हात नीट कर. असा सपकन." आणि पुढे आठवडाभर त्यांच्याकडून तो हात घोटून घेतला होता.

बोका हाकलायचा हात! शेकडो मुलींना त्यांनी तो शिकवला होता. कोणाचा ढिला पडला तर छडी आपटली होती. आता दोन आठवड्यांनी भाचीचा कार्यक्रम, तेच विद्वान प्रमुख पाहुणे, आणि त्यानंतर वर्ग पोरीच्या हाती. तिच्या हाती आपण काय ठेवणार, तर शेजाऱ्याचा बोका? नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारे परवडले. इथे नाचता येत होतं, अंगणही सरळ होतं, आणि तरी सगळं मुसळ केरात गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी जाहीर केलं, "मायानिवारण काढून टाकायचं."

काकांचा हात मृदंगावर तसाच राहिला. "काढून त्या जागी काय?"

"काही नाही. सरळ पुढे."

भाचीने करून बघितलं. मध्येच जिना संपल्यावर आणखी एक पायरी असेल म्हणून पाय टाकावा तशी ती अडखळली. पुन्हा केलं, पुन्हा अडखळली. मग घाम पुसत म्हणाली, "मावशी, पण का?"

"वर्गात बाई म्हण. नवीन संशोधन झालंय."

"कोणी केलं?"

"दातांच्या डॉक्टरने," बाई म्हणून गेल्या, आणि काकांनी मृदंग तपासायच्या निमित्ताने तोंड खाली घातलं.

"बाई, काढू नका ना," भाची म्हणाली. "सगळ्या पदात तेवढी एकच जागा आहे जिथे मला खरंच राग येतो. बाकीचं मला कळतच नाही. परमात्म्यावर कसं चिडायचं हो?"

 बाईंनी तिला पायांचा रियाज दुप्पट करायला लावला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा ती खुर्ची, पुन्हा सुई. भूल चढेपर्यंत थांबायचं होतं. बाईंना ओठ अजून हलवता येत होता तोवर त्यांनी विचारून घेतलं, "तुमच्या आजींना माहीत होतं? मी काय उचललंय ते?"

"म्हणजे काय!" डॉक्टर हातमोजे चढवत म्हणाली. "घरात रोजचा विषय होता तो. आई म्हणायची, अहो, त्या पोरीला सांगा तरी, उगाच स्टेजवर मांजरं हाकलत बसेल. आजी म्हणायची, नाही सांगायचं. माझा ओठ काढला, माझं हसू काढलं, कंबर काढली. चुकून बोक्याला हाकललं ते मात्र त्या शहाण्यांना पवित्र वाटलं. माझं म्हणून तेवढंच एक तिथे पोचलंय. राहू दे बोक्याला."

डॉक्टरने दिवा खाली ओढला. "शेवटी शेवटी आजीला कोणाची नावं आठवायची नाहीत. पण तुमचा कुठे कार्यक्रम झाला असं ऐकलं की विचारायची, बोका केला का गं तिने?"

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात गेलं.

"दुखतंय का? अजून एक टोचू?"

बाईंनी मान हलवली. त्यांना हुंदका येत होता, पण अर्धं तोंड बधिर झालं होतं आणि अर्ध्या तोंडाने रडता येत नाही. नळी गालात सूं सूं करत राहिली. एवढी वर्षं ज्या बाईला 'थोडी अवनती' म्हणत आलो, तिने आपल्यावर विश्वास टाकून एक बोका सांभाळायला दिला होता, आणि गेल्याच आठवड्यात आपण तोही काढून टाकायला निघालो होतो. बाईंना स्वतःची अशी शरम कधी वाटली नव्हती.

"तासभर काही खाऊ नका," निघताना डॉक्टर म्हणाली. "ओठ बधिर आहे. चावला जाईल, कळणारही नाही."

बाई तिथून थेट हॉलवर गेल्या. खाली दुकानदार टायरमध्ये हवा भरत होता. वर भाची आणि काका वाट बघत होते. बाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि हॉलच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"काका, पद वाजवा."

"बाई, गुडघे," काका म्हणाले.

"गुडघे माझे आहेत. तुम्ही वाजवा."

वाकड्या झालेल्या तोंडाने त्या म्हणाल्या, "मी मावशी म्हणून सांगते, ऐक. परमात्मा वगैरे काही नाही. हा एक बाप्या आहे. दुसरीकडे रात्र काढून आलाय आणि वर तोंड करून दारात उभा आहे."

"असं होय!" भाची म्हणाली.

मग बाई नाचल्या. अर्धवटच बसल्या, पाय जेमतेम उचलले. पण उपरणं बाजूला केलं, ओरखडे बघितले आणि हसल्या. हसू एकाच बाजूने आलं. कंबर चाळीस वर्षं कुलपात होती, तरी तिला सगळं आठवत होतं. आणि त्याच्याकडे बघता बघता त्यांनी खालचा ओठ दातांत धरला, म्हातारी धरायची तसाच, कचकन. त्यांना काहीच कळलं नाही. हनुवटीवरून रक्ताचा ओघळ आला.

"मावशी, रक्त!" भाची ओरडली.

"येऊ दे. बघ नीट. आता मागे बघायचं, डाव्या खांद्यावरून. तिथे खिडकी आहे. खिडकीत दूध आहे. आणि दुधात शेजारचा बोका तोंड घालतोय. हाकल त्याला!"

आणि त्यांनी हात झटकला. भाची त्या रिकाम्या भिंतीकडे बघत राहिली. मग तिच्या बंद दुकानाची फळी कुठेतरी सरकली.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "म्हणजे बोका आणि हा, दोघं सारखेच की! दोघं दुसऱ्यांच्या घरचं पिऊन येतात."

काकांनी मृदंगावर जोरात थाप मारली. "दोन हजार वर्षांत हे कोणाला सुचलं नाही!"

कार्यक्रमाच्या दिवशी बाईंचा ओठ अजून हुळहुळत होता. त्या भाषणाला उभ्या राहिल्या. पहिल्या रांगेत विद्वान होते, त्यांच्या शेजारी बाईंची बहीण, आणि तिसऱ्या रांगेत डॉक्टर.

"हा नाच किती जुना आहे, मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मला तो एका बाईने शिकवला. ती देवळात नाचायची. तिला तिथून काढलं. मग तिच्या नाचातून आम्ही तिला काढलं. मीच काढलं. जे आठवतंय ते आज परत ठेवतोय. कोणाला लाज वाटली तर दार उघडं आहे."

विद्वानांनी चष्मा काढून पुसला. कोणी उठलं नाही. एक तर आधीच बसायला जागा मुश्किलीने मिळाली होती.

भाचीने पद धरलं. उपरणं बाजूला केलं तेव्हा बाईंच्या बहिणीने डोक्यावर हात मारला, आणि ओठ दातांत धरला तेव्हा मागून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी "वा!" अशी दाद दिली. मग ती जागा आली. भाचीने डाव्या खांद्यावरून मागे बघितलं, पाय आपटला, हात सपकन झटकला. तिसऱ्या रांगेतून फस्सकन हसू आलं, आणि या वेळी ते एकटं राहिलं नाही. सगळा हॉल हसला.

पण भाची थांबली नाही. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. ती पुन्हा दाराकडे वळली, नायकाकडे बोट करून म्हणाली, जा, जिथे होतास तिथेच राहा. तो खरंच गेला. तिने दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. दोन्हीकडे कोणी नव्हतं. तिचा चेहरा हळूहळू उतरला.  मग कोणी बघत नाही ना याची खात्री करून तिने ते पातेलं उचललं आणि बोक्याला पोचेल असं खिडकीच्या अगदी कडेला सरकवून ठेवलं.

बाईंच्या हातातल्या झांजा वाजायच्या राहिल्या. उभ्या आयुष्यात त्यांचा ताल कधी चुकला नव्हता. काकांनी एकट्याने ठेका सांभाळून घेतला.

कार्यक्रमानंतर विद्वान आत आले. "अप्रतिम," ते म्हणाले. "तो जो बोका दाखवलात, तो म्हणजे मनच ना? चंचल मन? एका खांबावर मी अगदी असाच—"

"शेजारचा होता तो," बाई म्हणाल्या, आणि त्यांना ओलांडून डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर दारात उभी होती. रुमाल तिच्या हातात होता, पण या वेळी तो तोंडात कोंबलेला नव्हता.

"केला हो आजी," बाई तिचे हात धरून म्हणाल्या. त्या नक्की कोणाशी बोलत होत्या, हे डॉक्टरला बरोबर समजलं.